निळ्या पडद्याचे वानखडे सर

देशात संगणकक्रांती आली असं पेपरात छापून आलं, तेव्हा खामगावात ती एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर उतरली. खाली गहू-ज्वारी दळली जायची आणि वर आम्ही. जिन्यावर पाटी होती, 'वानखडे कॉम्प्युटर्स. अमेरिकेत मागणी असलेले सर्व कोर्स.' अमेरिकेतून मागणी घेऊन कोणी आल्याचं मला आठवत नाही, पण पोरं यायची. संग्रामपूरकडून यायची, उंद्रीवरून यायची, एसटीच्या धुळीनं पांढऱ्या झालेल्या भुवया रुमालानं पुसत जिना चढायची. खाली गिरणी सुरू झाली की विजेचा दाब उतरायचा आणि मॉनिटरवरचं चित्र चारही बाजूंनी आक्रसायचं. नवी पोरं घाबरून खुर्ची मागे घ्यायची. वानखडे सर मात्र शांत असायचे.

"काही होत नाही बे. गव्हाचं दळन चालू हाये खाली. ज्वारी आली का सुधरते."

आणि ज्वारी आली की खरोखर सुधारायचं. हे कबूल करताना मला अजूनही थोडा राग येतो.

मी तिथं आधी विद्यार्थिनी होते. बी.एस्सी. झाल्यावर तिथंच शिकवायला लागले. पाटीवर माझ्या नावापुढे 'फॅकल्टी' असं लिहिलं गेलं, आणि फॅकल्टीकडे माडी झाडण्याचं खातंही देण्यात आलं. सर स्वतः 'संचालक' होते. संचालक बारा महिने गडद तपकिरी सफारीत असायचे. मे महिन्यात आमच्याकडे कुत्रंसुद्धा सावली सोडून हलत नाही, पण सरांचं वरचं बटण कधी उघडं दिसलं नाही. त्यांचं म्हणणं, यंत्रासमोर माणसानं माणसासारखं बसावं. संगणकाचं शिक्षण त्यांनी नागपूरला जाऊन एका छोट्या कोर्सात घेतलं होतं. पण "मी नागपूरले होतो तवा" अशी सुरुवात ते इतक्या सावकाश करायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं, या माणसानं अर्धं आयुष्य तिकडे संशोधनात घालवलंय.

सरांचा जगात एकाच गोष्टीवर विश्वास होता, तो म्हणजे त्यांचा एडिटर. ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते, एडिटर म्हणजे प्रोग्राम लिहायची जागा. सरांचा एडिटर निळ्या पडद्याचा होता, त्यावर पिवळी अक्षरं उमटायची, आणि तो स्वतःहून काहीही करायचा नाही. तुम्ही लिहाल ते दाखवणार आणि चुकाल तेव्हा सांगणार, तेही विचारल्यावरच. सरांना त्याचा हा स्वभाव फार आवडायचा. बाकी जगात तोवर कितीतरी नवे एडिटर निघाले होते. ती बातमी सरांपर्यंत पोचली होती, त्यांनी ती ठेवून घेतली नाही एवढंच.

पडद्याकडे पाहत टाइप करणं हा माडीवरचा सर्वांत मोठा गुन्हा होता. पोरगं पडद्यात डोकावलं की सर मागून यायचे आणि मॉनिटरवर त्याचं कापडी आवरण टाकून द्यायचे. ही आवरणं सरांच्या पत्नीनं जुन्या पडद्यांची शिवली होती, त्यांवर मोठमोठी जांभळी फुलं होती.

"काऊन बे, काय पाहून राह्यला तिथं? तुह्या डोक्यात प्रोग्राम नसंन तं त्या डब्यात कुठून येईन?"

मग ते पोरगं जांभळ्या फुलांकडे पाहत टाइप करायचं. सर स्वतः टाइप करताना समोरच्या भिंतीवर, छताच्या जरा खाली, कुठंतरी नजर लावायचे. बोटं आपली आपण चालायची. दिसायला ते रुबाबदार होतं. प्रोग्राम चालला तर विद्वत्ता आणि नाही चालला तर वीजमंडळ, अशी त्यांची सोपी वाटणी होती.

वीजमंडळाचा उल्लेख आला म्हणून सांगते. लोडशेडिंग सुरू झालं तेव्हा वर्ग निम्मा वेळ अंधारात असायचा. दुसऱ्या कुणी फी परत केली असती. सरांनी पुठ्ठे आणले. साड्यांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून त्यांवर स्केचपेननं कीबोर्ड काढायला लावले आणि लाइट गेली की वर्ग पुठ्ठ्यांवर चालू ठेवला. सर प्रोग्राम सांगायचे आणि सगळी पोरं खिडकीच्या उजेडात पुठ्ठ्यावर बोटं आपटायची. सर मधून फिरत कान देऊन ऐकायचे.

"नासीर, कंस बंद नाही केला तू."

"किया सर, बंद किया."

"आवाज नाही आला मले."

नासीरचं घराणं पिंजाऱ्यांचं, गाद्या-रजया भरणाऱ्यांचं. तो मुकाट्यानं पुठ्ठ्यावर कंस पुन्हा बंद करायचा, जरा जोरात. पुठ्ठ्यावरची चूक आवाजावरून ओळखणारा हा जगातला एकमेव संचालक असावा. पण आमची पोरं पुढे जिथं गेली तिथं कीबोर्डाकडे न बघता लिहायची, हेही खरं आहे.

याच नासीरच्या हातून माडीवरचा सर्वांत प्रसिद्ध अपघात घडला. त्यानं एक भला मोठा प्रोग्राम लिहीत आणला होता. सरांच्या सगळ्या उदाहरणांसारखा तोही कापसाचा होता. जिनिंगमध्ये कापूस गेला की रुई वेगळी निघते, सरकी वेगळी निघते. किती कापसाची किती रुई, किती सरकी, आणि दोन्ही मिळून कापूस परत जुळतो का, हे संगणकानं सांगायचं. खामगावात हे संगणकाच्या आधीपासून सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे उत्तर बरोबर आलं की नाही हे पोरांना लगेच कळायचं. नासीर सकाळपासून लिहीत होता. मधे एकदाही त्यानं लिहिलेलं जपून ठेवलं नाही. शेवटच्या ओळीवर आला आणि लाइट गेली.

मला वाटलं, आता पोराचं काही खरं नाही. सर त्याच्या खुर्चीमागे जाऊन काळ्या पडद्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी सगळ्या वर्गाला उभं केलं.

"दोन मिनिटं मौन पाळा. ऐन तारुन्यात गेला बिचारा."

आम्ही मौन पाळलं. खाली गिरणीही बंद पडलेली होती, त्यामुळे शांतता अगदी नियमाप्रमाणे होती. कुणीतरी फिसकन हसलं, तर सर म्हणाले, "हासू नका बे, घरची मंडळी इथंच बसून हाये." नासीर रडता रडता हसायला लागला. मग सर त्याच्या शेजारी स्टुलावर बसले आणि लाइट येईपर्यंत त्याच्याकडून तो सगळा प्रोग्राम तोंडानं वदवून घेतला. लाइट आल्यावर त्यानं तो पुन्हा लिहिला, आणि तो आधीपेक्षा आखूड व चांगला झाला.

त्या दिवसापासून माडीवर एफ टूचं राज्य आलं. कीबोर्डाच्या वरच्या रांगेतली ही किल्ली. निळ्या एडिटरमध्ये ती दाबली की लिहिलेलं जपून ठेवलं जातं. सरांनी फर्मान काढलं की, नाव लिहिलं की एफ टू, ओळ संपली की एफ टू. खोकला आला तरी एफ टू. ओळ पुरी होईपर्यंत थांबायचं नाही, वीजमंडळ थांबत नाही. पुठ्ठ्यांवरच्या एफ टू घासून घासून गेल्या, पुन्हा काढाव्या लागल्या. आमच्या माडीवरून बाहेर पडलेल्या प्रत्येकाच्या डाव्या हाताचं मधलं बोट आपल्या मनानं वर जातं. नासीर आता हैदराबादला मोठ्या कंपनीत आहे, तोही फोनवर म्हणतो, "मॅडम, उंगली जाती ही है."

मग समोरच्या इमारतीत नवा क्लास निघाला. तिथं रंगीत खिडक्यांचे संगणक होते, गार हवा होती, आणि असा एडिटर होता की दोन अक्षरं लिहिली की पुढचा शब्द तो स्वतःच सुचवायचा. कंस उघडला की बंद करून द्यायचा. आमच्याकडचा एक मुलगा बिचारा भाबडेपणानं म्हणाला, सर, आपणही तो आणू या का?

"शब्द पुरा करून द्याले तो काय तुह्या आत्याचा नवरा हाये? आज शब्द देईन, उद्या म्हनीन तू घरी जाय, मीच लिहितो."

वर्ग हसला. पुढच्या महिन्यात निम्मा वर्ग समोर गेला. सर तरीही जिन्याच्या तोंडाशी सफारीत उभे राहून समोर जाणाऱ्या पोरांना हाक मारून विचारायचे, "जमून राह्यलं ना तिथं?" पोरं मान खाली घालून "हाव सर" म्हणायची. मीही पुढे तासाभरावरच्या एका कॉलेजात नोकरीला लागले. सर मला म्हणाले, "जाय. फॅकल्टी बाहेर गेल्याशिवाय संस्थेचं नाव होत नाही." संस्था तेव्हा सर आणि दोन चालू मॉनिटर एवढीच उरली होती.

बऱ्याच वर्षांनी गिरणीवाल्यानं माडी मोबाइलच्या दुकानाला दिली. सरांनी संगणक घरी नेले, पण घरी कोण शिकायला येणार? मुलगा अमरावतीला, तो म्हणे, आता आराम करा. सर मला भेटायला कॉलेजात आले, सफारी तीच, जरा सैल झालेली. आमच्याकडे प्रयोगशाळा सांभाळायला एक माणूस घ्यायचा होता, हे त्यांना कुठून तरी कळलं होतं.

"पगार काय देता ते देजा," ते म्हणाले. "मले रोज संगनकासमोर बसाले एक खुर्ची पाह्यजे. घरी भिंतीकडे पाहून पाहून डोये दुखून राह्यले."

आयुष्यभर भिंतीकडे बघून टाइप करणारा माणूस हे म्हणत होता. पण मला हसू आलं नाही. सरांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

मुलाखतीत एक प्रोग्राम लिहून चालवून दाखवायचा होता. घेणारे आमचे विभागप्रमुख साबळे, तरुण, पुण्याला शिकलेले, स्वभावानं चांगले. मी खोलीत होते, पण ओळखीच्या माणसानं बोलायचं नाही असा दंडक असल्यामुळे कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले होते. साबळे म्हणाले, "कोणताही छोटा प्रोग्राम लिहा, सर."

"कापूस घेतो," सर म्हणाले.

त्यांनी खुर्ची पुढे ओढली, बाह्या सारख्या केल्या, छताच्या खाली एक जागा निवडली आणि सुरुवात केली. बोटं अशी चालली की साबळ्यांच्या भुवया कौतुकानं वर गेल्या. 'कापूस' लिहिलं, एफ टू. 'रुई' लिहिलं, एफ टू.

आमच्या कॉलेजातल्या एडिटरमध्ये एफ टू दाबली की नाव बदलायची एक छोटी चौकट उघडते. त्यात नवं नाव लिहून एंटर दाबलं, की सबंध प्रोग्रामभर ते नाव बदलतं. सर एंटरही दाबत होते. त्यांचे निम्मे शब्द प्रोग्राममध्ये जात होते, निम्मे त्या चौकटीत. कधी एडिटर नवं नाव नाकारत होता आणि कधी आनंदानं स्वीकारत होता. एकदा चौकटीत नेमकी एकटी 'सरकी' सापडली आणि त्या आज्ञाधारक यंत्रानं जिथं जिथं रुई होती तिथं तिथं सरकी करून टाकली. सर भिंतीकडे पाहत होते. साबळे पडद्याकडे पाहत होते, मग माझ्याकडे, मग टेबलाकडे. मी पदराचं टोक मुठीत धरून बसले होते.

"झालं," सर म्हणाले आणि विजयी मुद्रेनं पडद्याकडे वळले. पडद्यावर ओळीओळीखाली लाल नागमोडी रेघा होत्या.

"हे कोनं केलं?"

साबळ्यांनी शक्य तेवढ्या मऊ आवाजात समजावलं. इथं एफ टूचा अर्थ वेगळा आहे सर, आणि तसंही जपून ठेवायला काही दाबावं लागत नाही, हा आपोआप ठेवतो.

"आपोआप?"

"हो."

"अन् मंधातच लाइट गेली तं?"

"गेली तरी राहतं, सर."

सरांनी वर छतावरच्या दिव्याकडे पाहिलं. साबळ्यांनी पुन्हा संधी दिली. सर पडद्याकडे पाहत हळूहळू लिहू लागले, पण बोट वर गेलंच. तिसऱ्यांदा दिली, तिसऱ्यांदाही गेलं. तेव्हा सरांनी उजव्या हातानं डावा हात धरून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "राहू द्या." मला त्या वेळी साबळ्यांचा राग आला, एडिटरचा आला, आणि बारा महिने चोवीस तास वीज असलेल्या आमच्या त्या चकचकीत इमारतीचा सर्वांत जास्त आला.

जागा दुसऱ्या एकाला मिळाली. तो मुलगा पडद्याकडे बघून, दोन बोटांनी, एडिटर सुचवेल ते स्वीकारत लिहीत होता, आणि त्याचा प्रोग्राम पहिल्या फटक्यात चालला.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर सरांचा आवाज परत आला. "मालकाले न विचारता नाव बदलते म्हंजे काय? उद्या घरात येऊन माह्या पोराचं नाव बदलीन!"

"सर, किल्ली तुम्हीच दाबली."

"मी दाबली म्हनून त्यानं बदलावं काय? त्याले थोडी अक्कल नाही?"

एडिटरला अक्कल असू नये म्हणून ज्यानं आपला सगळा वर्ग समोरच्या इमारतीला दान केला, त्या माणसाचा हा प्रश्न होता. मी तसं म्हणाले नाही. एसटी येईपर्यंत आम्ही उभे होतो. चढताना त्यांनी नेहमीसारखं "जमून राह्यलं ना इथं?" असंही विचारलं नाही.

आमचं कॉलेज शनिवार-रविवारी एक छोटा वर्ग चालवतं. कोणालाही खुला, वयाची अट नाही. अट ठेवायचं कोणाला सुचलंच नव्हतं. पुढच्या सत्राच्या पहिल्या शनिवारी मी शिकवायला सुरुवात केली आणि दारात सफारी उभी राहिली.

"एसटी लेट झाली, मॅडम. आत येऊ काय?"

पोरं वळून बघायला लागली. मी म्हणाले, "सर, तुम्ही कशाला... या ना."

"इथं मले सर म्हनू नका. सर म्हनलं का तुमाले माह्यावर ओरडता येनार नाही, अन् ओरडल्याशिवाय मले येनार नाही."

ते आयेशा नावाच्या एका शिंप्याच्या मुलीशेजारी बसले. त्या सत्राबद्दल मी एवढंच सांगेन, की असा त्रासदायक विद्यार्थी मला आयुष्यात दुसरा मिळाला नाही. एडिटरनं शब्द सुचवला की ते मोठ्यानं वाचायचे आणि "नको, माहा मी लिहितो" असं त्याला उत्तर द्यायचे. गृहपाठात रुई आणि सरकी सोडून काही घ्यायचे नाहीत. आणि दर दोन ओळींनी आयेशाचा आवाज यायचा.

"काका, आपने फिर वो दबाया."

"हाव बेटा. दबलं."

शेवटी त्यांनी घरून पांढऱ्या कापडाची चिंधी आणली, मधल्या बोटाला गुंडाळली आणि ते बोट वर धरून बाकीच्यांनी लिहायला लागले. मागच्या बाकावरची पोरं हसली. सरांनी मागे वळून अशा नजरेनं पाहिलं की ती गप्प झाली. एवढी एक सवय त्यांची गेली नव्हती आणि ती जाऊ नये असं मला मनापासून वाटत होतं. पडद्याकडे पाहणं मात्र ते शिकले. चष्मा कपाळावर चढवून, नाक काचेला लागेल इतके जवळ जाऊन पाहायचे.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते या वर्गाच्या परीक्षेत. त्यानंतर मुलगा त्यांना अमरावतीला घेऊन गेला, आणि पुढच्या हिवाळ्यात तिथंच ते गेले. परीक्षा कसली, एक प्रोग्राम लिहायचा आणि विचारलेल्या दोन-चार प्रश्नांना उत्तरं द्यायची. परीक्षक म्हणून साबळे आले. सरांना पाहून ते ओशाळले, पण सर सरळ ताठ बसून राहिले. त्यांनी प्रोग्राम लिहिला. चिंधीचं बोट दोनदा थरथरलं, खाली आलं नाही. प्रोग्राम चालला. रुई आणि सरकी मिळून कापूस जुळला. शेजारी आयेशानं स्वतःचा पेपर सोडून टाळी वाजवली आणि साबळ्यांनी तिला रागावल्यासारखं केलं.

मग साबळ्यांना काही तरी बोलायला हवं होतं. ते म्हणाले, "फार छान, सर. कुणाकडे शिकलात तुम्ही?"

सर उठून उभे राहिले. सफारीचं वरचं बटण चाचपलं. सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा संचालकाच्या आवाजात त्यांनी माझ्याकडे हात केला.

"या मॅडमकडे."

नाही, खरं तर उलट आहे, हे सांगायला मी पुढे झाले.

"मंधात बोलू नका मॅडम," सर म्हणाले. "परीक्षा माही चालू हाये."